सरकणारे डाग

सोनोग्राफीचा कागद हातात आला तेव्हा मश्दी सैफुल्लाला त्यातलं काही वाचता आलं नाही, सगळं इंग्रजीत होतं. त्याच्या लेकीनं, फरांगीसनं, तो वाचला, चार घड्या घातल्या आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. नऊ महिन्यांपूर्वी आईचा कागदही तिनं असाच ठेवला होता.

"डाग आहेत ना?" त्यानं विचारलं.

"डॉक्टर सांगतील, आगाजान."

"यकृतातच?"

रश्तच्या त्या मोठ्या दवाखान्याच्या बाहेर दोघं टॅक्सीची वाट बघत उभी राहिली.

मश्दीला धक्का वगैरे बसला नाही. त्याची बायको रुबाबे मेहर महिन्यात गेली, भाताची कापणी चालू असताना. तिच्याही यकृतात डाग होते. कॅन्सर आहे, फार पसरलाय, असं इथल्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं. फरांगीस म्हणत होती, तेहरानला नेऊ. तो म्हणाला, नको, तिला तिच्या घरात राहू दे. तिला विचारलं तेव्हा तीही घरीच चला म्हणाली होती, पण शेवटचा शब्द त्याचाच होता. एकोणचाळीस दिवसांनी ती गेली. चाळीस वर्षं दोघं एका ताटातून जेवली होती. आता तिचं दुखणं आपल्याकडे आलं तर त्यात नवल ते काय, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटलं.

दुखणं सुरू झालं होतं उन्हाळ्याच्या तोंडावर, खोर्दाद महिना लागायच्या दोन आठवडे आधी. उजव्या बरगडीखाली कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं दुखायचं. तिसऱ्या प्रहरी ताप यायचा. अंगावर गांधी उठायच्या, खाजवून खाजवून तो हैराण व्हायचा. भातगिरणीवरचं काम तसं या दिवसांत बंदच असतं, त्यामुळे दिवसभर तो ओसरीवर पडून राहायचा. पॅन्ट कमरेवर टिकेना म्हणून सुतळी बांधली.

"दुःख आहे हे," शेजारपाजारचे म्हणायचे. "बायको गेली की पुरुष असाच सुकतो."

रुबाबेचा धाकटा भाऊ कासआगा मात्र दुःखबिःख मानायचा नाही. फूमनच्या बसथांब्याजवळ त्याचं कलेजीचं दुकान होतं, निखाऱ्यावर सीखा भाजून द्यायचा. तो रोज दुपारी मोटारसायकलवरून यायचा आणि रोटीत गुंडाळलेल्या चार सीखा मश्दीपुढे ठेवायचा.

"रक्त राहिलं नाही तुझ्यात, मश्दी. तोंड बघ आरशात. भाताच्या पेजेसारखं झालंय."

"इच्छा नाही रे."

"इच्छा नंतर येईल, आधी गीळ. बहीण असती तर तुझं नाक दाबून भरवली असती. मी तेवढा प्रेमळ नाही, मी नुसता बसून राहीन."

आणि तो खरंच बसून राहायचा. मश्दी खायचा. मेंढीची कलेजी, वर मीठ, बाजूला कच्ची काकडी आणि दलार. दलार म्हणजे हिरव्या पाल्याचं मीठ. चुचाग, रानपुदिना असला ओल्या जागी उगवणारा पाला मिठाबरोबर मातीच्या खडबडीत कुंडीत दगडानं घोटतात आणि बरणीत भरून ठेवतात. त्याशिवाय त्या भागात कुणाच्या घशाखाली काकडी उतरत नाही.

सर्जन चांगला होता, घाईत होता, पण चांगला होता. त्यानं फोटो पाहिले आणि म्हणाला, हे दुसरीकडून पसरल्यासारखं दिसतंय, आधी मूळ शोधू. मग मूळ शोधायला सुरुवात झाली. मश्दीच्या घशातून नळी घातली, खालून नळी घातली, छातीचा फोटो काढला, पोटाचा सीटी काढला. कुठेच काही सापडेना. रक्ताचा कागद आला तर त्यात एका जातीच्या पांढऱ्या पेशी शंभरात चार-पाच असायच्या त्या बेचाळीस निघाल्या. सर्जनला वाटलं प्रयोगशाळेची चूक. पुन्हा रक्त काढलं. त्रेचाळीस.

"हे काय आहे?" फरांगीसनं विचारलं.

"ॲलर्जीत वाढतात. जंतांनीही वाढतात," सर्जन म्हणाला. "शौचाची तपासणी करून घ्या. शनिवारी आपण सुई घालून यकृताचा तुकडा काढू. मग काय ते स्पष्टच होईल."

गुरुवारी प्रयोगशाळेतून फोन आला. शौचात अंडी सापडली होती. गुराढोरांच्या यकृतात पानासारखा चपटा किडा असतो, त्याची अंडी. माणसाला तो क्वचित होतो, पण या भागात होतो. फोन ठेवून फरांगीस धावत ओसरीवर आली.

"आगाजान, कॅन्सर नाही. किडा आहे नुसता. गोळ्यांनी जातो. दोनच डोस."

कासआगानं अल्लाचे आभार मानले आणि मश्दीच्या पाठीत थाप मारली. "किड्यांना पोसत होतास होय. मी म्हणतोय, माझी कलेजी जाते कुठे."

मश्दी हसला नाही. दोन गोळ्यांनी डाग जातात, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. मग रुबाबेचे डाग? तिनंही आयुष्यभर दलार खाल्लं. तिलाही उजव्या बाजूला दुखायचं. तिचा तुकडा कुणी काढला नव्हता, सुई कुणी घातली नव्हती. तेहरानला नेलं असतं तर तिथं एखाद्यानं शौच तपासायला सांगितलं असतं. आणि नको कोण म्हणालं होतं?

हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. फरांगीसला वाटलं, ताप वाढलाय.

शनिवारी सुई घालण्याऐवजी त्याला वरच्या मजल्यावर संसर्गाच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर दियानत नावाची बाई होती, पन्नाशीची, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. बोलणं गिलकी बोलीतलंच, अगदी गावाकडचं.

"मश्दी, दलार खाता?"

"कोण खात नाही?"

"मीही खायचे. आणि कलेजी?"

"रोज."

तिनं पेन खाली ठेवलं. "रोज म्हणजे? आत्ता, या आठवड्यात?"

"माझा मेहुणा आणतो. अशक्तपणा आला ना. दिवसाला चार सीखा."

"मामाचं दुकान आहे," फरांगीस म्हणाली. "का? चांगली नाही का?"

डॉक्टर दियानतनं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि प्रयोगशाळेचा कागद पुन्हा पाहिला. "चांगलीच असते. पण मेंढीच्या यकृतात किडा असला तर त्याची अंडीही तिथंच असतात. माणूस ती कलेजी खातो, अंडी पोटातून तशीच खाली जातात. त्याला काही होत नाही. पण तपासलं की सापडतात. ही अंडी तुमची की मेंढीची, मला सांगता येत नाही."

"म्हणजे मला किडा नाही?"

"असेल. नसेलही. पाच दिवस कलेजी बंद. मग तीन दिवस तीन नमुने द्या."

कासआगाला हे सांगितलं तेव्हा तो लालबुंद झाला. "माझ्या कलेजीत किडे? वीस वर्षं फूमन खातंय. ती बाई आली तर तिला फुकट खायला घालतो."

"तुझ्या नाही रे. मेंढीच्या," मश्दी म्हणाला.

"मग मेंढीला पाठव ना तपासायला." पण त्या दिवसापासून त्यानं कलेजी आणली नाही. अक्रोड आणले, मध आणला, आणि प्रत्येक वेळी विचारलं, "याला काही हरकत नाही ना तुझ्या डॉक्टरीणबाईंची?"

पाच दिवस झाले, तीन नमुने झाले. एकातही अंडं नव्हतं.

फरांगीस दवाखान्याच्या जिन्यात भिंतीला टेकून रडली. मश्दी तिच्याजवळ उभा होता आणि त्याला काय वाटावं तेच कळत नव्हतं. किडा होता, आता नव्हता. तो मरणार नव्हता, आता पुन्हा मरणार होता. आणि छातीवरचा एक धोंडा मात्र उतरला होता, कारण आपल्याला किडा नाही म्हणजे रुबाबेलाही नव्हता. लेक रडतेय आणि आपल्याला हलकं वाटतंय, याची त्याला लाज वाटली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पूस आता डोळे. मी साठीच्या पुढं गेलोय."

"तुम्ही गप्प बसा, आगाजान."

सर्जननं कागद पाहिला आणि परवाच्या शनिवारी सुई ठरवली. त्याच्या आधी पोटाचा मोठा फोटो, सीटी, पुन्हा काढायला सांगितला, सुई नेमकी कुठं घालायची ते दिसावं म्हणून. तो काढून झाला आणि दोघं निघाली, तर डॉक्टर दियानत स्वतः खाली आली.

"वर या जरा. तुमची झडती संपलेली नाही."

वर गेल्यावर तिनं विचारलं, "दलार कोण करतं तुमच्याकडे?"

"माझी बायको."

फरांगीसनं त्याच्याकडे पाहिलं. "आई मेहरमध्ये गेली, खानूम डॉक्टर."

"देव तिला शांती देवो. मग सध्या कुणाचं खाताय? तिनं करून ठेवलेलं?"

"तिचं नवरोजपर्यंत पुरलं," मश्दी म्हणाला. पुढचं त्यानं लेकीलाही सांगितलं नव्हतं. "नंतर मी केलं."

"तुम्ही?" फरांगीस म्हणाली. "तुम्हाला चहा गाळता येत नाही."

"कुंडी होती तिची. पाला घेऊन आलो, घोटला. त्यात काय आहे?"

"पाला कुठून आणलात?" डॉक्टरनं विचारलं.

"गिरणीच्या मागं पाट आहे. तिथं रगड उगवतो."

"मेंढ्या येतात तिथं?"

"येतात की. पाणी प्यायला."

"धुतला होता?"

"झटकला. एकदा पाण्यातून काढला."

"आणि मीठ?"

"बेताचंच. गेल्या साली तुमच्याच इथं, खालच्या मजल्यावर, त्या दुसऱ्या डॉक्टरनं सांगितलं, रक्तदाब आहे, मीठ कमी करा. मी कमी केलं."

डॉक्टर दियानत हसली नाही, पण ओठ दाबून धरले. फरांगीस बापाकडे बघत होती.

"आई कधी पाटावरून आणायचीच नाही," ती म्हणाली. "विहिरीमागं अंजिराखाली लावलेलं आहे सगळं. कुंपण घातलंय त्याला. लसणीसारखं मिठात पुरून ठेवायची, चार महिने हात लावू द्यायची नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत नव्हतं. विहिरीमागं काहीतरी हिरवं असतं हे त्यानं पाहिलं होतं. चाळीस वर्षं जेवताना बरणी समोर यायची आणि तो खायचा. तिनं ती भरली कशी, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. मेल्यावर विचारायची सोय नव्हती, म्हणून तो पाटावर गेला होता.

डॉक्टरनं बोटांवर मोजलं. "मेंढ्या पितात त्या पाण्यावरच्या पाल्याला या किड्याची पिल्लं चिकटलेली असतात, कमी मिठात मरत नाहीत. नवरोजनंतर पंधरा दिवसांनी, फरवर्दीनच्या मध्यात खाल्लं धरा. आता तीर महिना लागतोय. तीन महिनेही झाले नाहीत. किडा अंडी घालायच्या वयालाच आलेला नाही, मश्दी. पोराकडे दाढी मागण्यासारखं आहे हे. म्हणून अंडी नाहीत."

"पण आधी होती."

"ती मेंढीची."

"म्हणजे अंडी होती तेव्हा किड्याची नव्हती, आणि आता नाहीत म्हणून किडा आहे?"

"आहे असं मी म्हणत नाही. असू शकतो. अंडी खोटी होती, पण त्यांच्यावरून आपण म्हणालो ते खरं होतं, असं झालंय कदाचित."

मश्दीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "खानूम डॉक्टर, मला एक काय ते सांगा. मी दोन्हीला तयार आहे. पण एक सांगा."

तिनं उठून भिंतीवरच्या उजेडाच्या चौकोनावर दोन फिल्म लावल्या. एक पहिल्या सीटीची, एक आत्ताची. मधे साडेतीन आठवडे गेले होते.

"अक्षरं वाचायची नाहीत इथं. डाग बघा. हा आधी कुठं होता? इथं, कडेला. आता?"

"आत गेलाय."

"आणि हा?"

"हा नाहीच."

"हा नवा आहे, बघा, लांबट. लाकडाला कीड लागते तसा. गाठ वाढते, मश्दी. गाठ चालत नाही. हे चालतंय."

ती फिल्म घेऊन सर्जनकडे गेली. दार उघडंच होतं, बोलणं बाहेर ऐकू येत होतं. सर्जन म्हणत होता, उशीर झाला तर जबाबदारी कुणाची. ती म्हणाली, माझी. तो म्हणाला, अंडी तर नाहीत. ती म्हणाली, नसणारच, तेच तर. शेवटी तो म्हणाला, दहा दिवस, त्यापुढं नाही. रक्तात किड्याची खूण सापडते का ते बघायला रक्त तेहरानला गेलं.

ते दहा दिवस मश्दी ओसरीवर पडून राहिला. ताप येत होता, जात होता. तेहरानचा कागद काय म्हणेल याची फरांगीसला जेवढी धास्ती, तेवढीच त्याला होती, फक्त उलट बाजूनं. तो वाट बघत होता ती दुसऱ्याच कुणाच्या तरी निकालाची. नवव्या दिवशी फोन आला. किडाच होता.

फरांगीस त्याच्या गळ्यात पडली. कासआगा म्हणाला, "मग माझ्या कलेजीची बेअब्रू झाली ती कोण भरून देणार?" आणि मग तोंड फिरवून बराच वेळ मोटारसायकल पुसत राहिला.

गोळ्या आरोग्य खात्याकडून यायच्या होत्या, त्या घ्यायला दुसऱ्या दिवशी जायचं होतं. सकाळी मश्दी आतल्या खोलीत गेला आणि कपाटाच्या वरून रुबाबेची प्लास्टिकची पिशवी काढली. तिचे सगळे कागद तिच्यात होते, दोन मोठे लिफाफे होते. फरांगीसनं ते पाहिलं.

"हे कशाला?"

"असू दे."

दोघं गाडीत बसली. तिला समजलं असावं. फूमन मागे पडल्यावर एवढंच म्हणाली, "मीही तोच विचार करत होते. पहिला फोन आला तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

डॉक्टर दियानतनं गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवली. जेवून घ्यायच्या, कोरड्या पोटी नाही, जेवणात तूप-लोणी भरपूर हवं, उद्या पुन्हा एकदा. बाजू दुखेल, घाबरायचं नाही. मश्दी ऐकत नव्हता. तिचं बोलणं संपल्यावर त्यानं पिशवी टेबलावर ठेवली.

"ही माझी बायको. रुबाबे. हिलाही डाग होते. ही आयुष्यभर दलार खात होती. मी हिला तेहरानला नेलं नाही. आता सांगा."

डॉक्टर उठली. बाहेर सहा-सात माणसं बसली होती. तिनं दार लोटून घेतलं आणि पिशवीतले कागद एकेक करून टेबलावर पसरले. खूप वेळ वाचत होती. फरांगीस खिडकीपाशी उभी राहिली.

"त्या पेशी," डॉक्टर म्हणाली. "तुमच्या बेचाळीस होत्या. यांच्या दोन. तीन वेळा तपासल्यात, तिन्ही वेळा दोनच."

"चुकलं असेल. माझ्यातही त्यांना आधी चूकच वाटली होती."

"आणि इथं लिहिलंय, स्वादुपिंडात गाठ. पोटात मागच्या बाजूला असतं ते. तिथून यकृतात आलंय."

"लिहिणाऱ्यानं पाहिलं का पण? माझंही दुसरीकडून आलंय म्हणत होते."

डॉक्टरनं कागद बाजूला केले आणि रुबाबेच्या दोन फिल्म उजेडावर लावल्या. एक महिन्याच्या अंतरानं काढलेल्या होत्या. "मग तुम्हीच बघा. आता येतं तुम्हाला."

मश्दी जवळ गेला. रुबाबेला असं आतून पाहताना त्याला आधी संकोच वाटला. मग तो डाग शोधू लागला. एक, दोन, पाच, सात. बोट पहिल्या फिल्मवर ठेवायचा, मग दुसरीवर. नजर काही ठरत नव्हती. पण मग एक सापडला. पहिल्या फिल्मवर उजवीकडं होता, दुसऱ्या फिल्मवर पार डावीकडं.

"हा चाललाय," तो म्हणाला. "हा बघा. हा इथला इथं आला. फरांगीस, इकडं ये."

फरांगीस आली नाही. डॉक्टरनं दुसरी फिल्म काढली, उलटी केली आणि पुन्हा लावली. "मीच उलटी लावली होती. माफ करा."

डाग आपल्या जागी गेला. सगळेच आपापल्या जागी होते. फक्त दुसऱ्या फिल्मवर मोठे होते.

"पुन्हा एकदा," मश्दी म्हणाला.

तिनं पुन्हा एकेका डागावर पेन टेकवून दाखवलं. सातही. तो प्रत्येक वेळी मान हलवत होता.

"तेहरानला नेलं असतं तर?"

"तिथंही हेच सांगितलं असतं. प्रवासात आणि तपासण्यांत आठ-दहा दिवस गेले असते."

"नक्की?"

"हे नक्की. तुमच्या बाबतीत मी महिनाभर नक्की नव्हते, तुम्हाला माहीत आहे. यांच्या बाबतीत आहे."

त्यानं फिल्म लिफाफ्यात घातल्या. एक आत जाईना, कोपरा दुमडत होता, डॉक्टरनं तिकडून लिफाफा धरला.

बाहेर आवारात बाकावर फरांगीसनं डबा उघडला. मऊ शिजवलेला कते भात होता, वर लोण्याचा गोळा, तळलेलं अंडं, वालाची आमटी. मश्दी जेवू लागला. महिनाभर तो स्वतःला एक गोष्ट सांगत आला होता, मी तिला मारलं. आता ती गोष्ट खोटी ठरली होती आणि तिच्या जागी काय ठेवायचं ते त्याला कळत नव्हतं. बरं वाटायला हवं होतं. वाटतही असेल. फक्त रुबाबे आता नुसतीच मेलेली होती. त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं, आणि कुठली गोळी राहून गेली नव्हती.

"संपवा तो भात," फरांगीस म्हणाली. "भरल्या पोटी घ्यायच्यात."

"जास्त घातलंयस लोणी."

"डॉक्टरनं सांगितलंय."

त्यानं सगळा भात संपवला. तिनं पाकीट फोडून गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. त्यानं त्या मोजल्या, तिच्याकडून पाण्याची बाटली घेतली आणि एकेक करून गिळल्या.